मोहाच्या पाकिटावरचं झाड

५ मार्च
बचत गटाच्या मोह-लाडवांच्या पाकिटासाठी चित्राचं काम मिळालं! मिळालं म्हणजे, आधी करून दाखवायचं. अध्यक्ष सुमनबाई म्हणाल्या, "पसंत पडलं त छापू, नाई त नागपूरचा चितर काढनारा मानूस हायेच."
बाबांशी ठरलं: नापसंत झालं तर गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातल्या ऑपरेटरच्या नोकरीचा फॉर्म भरायचा. मुदत २५ तारखेची. घरातली पहिली पदवी, तीही चित्रकलेची. याने पोट भरेल का, ही बाबांची काळजी.

९ मार्च
लॅपटॉपवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टोपली मी घडवली. झाड नेटवरून तयार घेतलं, हिरवंगार. रेंडरला, म्हणजे पक्कं चित्र तयार व्हायला, चार तास. लॅपटॉप इतका तापला की आई सुपाने वारा घालत बसली. शेजारची काकू दारातून, "धान पाखडून राह्यली का व?"
चित्र अगदी फोटोसारखं!

१२ मार्च
बैठकीत दाखवलं.  गटातली सखूआजी हसत सुटली.
"हे कोन्या देशाचं झाड व पोरी? फुलं पडाच्या वक्ताले मोहाले एवढा पाला?"
दुसरी म्हणाली, "खाली झाडलंच नाई. पाचोळ्यात फूल कसं दिसंन?"
तिसरी, "अन् सावली भर दुपारची! फुलं त पहाटंच येचा लागते, तोवरिक ढोरं खाऊन जातीन सारं."
लहानपणापासून मी त्याच झाडांखाली फुलं वेचली. तरी हे केलं. कान गरम झाले. सुमनबाईंनी शेवटी पुढच्या बैठकीपर्यंत वेळ दिला.

१५ मार्च
उजाडताना आईसोबत नाल्यावरच्या मोहाखाली. पेन्सिलीने फांद्या काढल्या. उघड्या, टोकाला फुलांचे घोस. झाडलेल्या जमिनीचे फोटो, खराट्याच्या रेघांसकट.
आई: "येचाले आली का चितर काढाले?"
दोन्ही.

१८ मार्च
जमलं!!
कागदावरचं झाड मोबाइलने टिपलं, क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ केलं, मागचा पांढरा कागद पुसला. मग ते सपाट चित्रच ब्लेंडरमध्ये पुठ्ठ्यासारखं उभं केलं. खाली फोटोतली जमीन. ब्लेंडरमधला सूर्य पार खाली आणला. आणि माझ्या पेन्सिलीच्या रेघेची सावली पडली! लांब, सकाळची, खराट्याच्या खुणांवरून गेलेली. ओरडलेच. आई चुलीपासून धावत आली.
टोपली रेंडरमध्ये प्लास्टिकची वाटत होती. ती परत क्रिटात नेऊन हाताने रंगवली, एक काडी मोडकी ठेवली. एकट्या ब्लेंडरला हे जमलं नसतं. एकट्या माझ्या हातालाही नाही.

२४ मार्च
छापणार! छापणार!
सखूआजीने लॅपटॉपला नाक लावून पाहिलं. "हा त आपला नाल्यावरचा मोह. हे त्याची वाकडी फांदी." मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ओळखला!
सुमनबाई: "चारोळीच्या पाकिटाचं बी तूच काढ." नागपूरच्या माणसाचं नाव निघालंच नाही.
बाबांनी बराच वेळ पाहिलं. "सकाळच हाये," म्हणाले. आणि मग, "फॉर्मची तारीख उद्या हाये."
नापसंत झालं तर काय, एवढंच ठरलं होतं. पसंत पडलं तर काय, हे दोघंही बोललो नव्हतो.
फॉर्म अजून कोरा आहे. मागच्या बाजूला चारोळीची फांदी काढून पाहिली. बाबा आताच तिथून गेले. थांबले, वाकून फांदी पाहिली, फॉर्म तसाच पालथा राहू दिला.