भारा डोलतो तेव्हा

ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आधी बसा, मग वाचा. मला काही झालेलं नाही. काल मी इमारतीच्या कामावर क्रेनने सळयांचा भारा तिसऱ्या मजल्यावर नेत होते. आमचे वेल्डरकाका वाटेत दिसले म्हणून घाबरून, भारा जिला टांगलेला असतो ती क्रेनवरची गाडी एकदम थांबवली. गाडी थांबली, पण भारा कुठला थांबतोय! तो गेला पुढे. मी गाडी मागे ओढली, तसा आणखीच डोलला आणि काकांच्या खांद्याला घासून गेला. हाड मोडलं नाही, मुका मार आहे. ते एका शब्दाने रागावले नाहीत, तेच जास्त लागलं.

साहेबांकडे गोदामात बदली मागितलीय. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारी क्रेनची चाचणी दे, मग बघू. हे काम तुझं नाही, असं तुम्ही म्हणाला होतात. खरं निघालं. आईला कळू देऊ नका.

तुमची लाडकी (की आता दोडकी?),
भिंगरी


ता. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र आईनेच आधी फोडलं, त्यामुळे ते राहिलंच. दुपारभर तिने अबोला धरला, तोही माझ्याशी!

घरी निघून ये, असं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. गोदीत सव्वीस वर्षं क्रेन चालवली, पण पहिल्याच वर्षी माझ्या हातून एक पेटी अशीच डोलली आणि मुकादमाच्या पायाची दोन बोटं गेली. हे तुला कधी सांगितलं नाही. तुला अडवत होतो ते त्या भीतीपायी. तू कमी पडशील, असं कधीच वाटलं नव्हतं.

आता नीट वाच. वजन एकदा चालू लागलं की आपणहून थांबत नाही; जितकं जड, तितकं हट्टी. त्याला उलट ओढायचं नाही. ते झेपावतं त्याच बाजूला गाडी न्यायची. झोक्याच्या टोकाला ते क्षणभर थबकतं. नेमकी तेव्हा गाडी त्याच्या डोक्यावर हवी, की दोर सरळ. भरलेली बाटली दोरीला बांध आणि हाताने सराव कर. शंभरदा कर.

वेल्डरांची माफी मागितलीस का? आधी ते.

तुझे,
बाबा


ता. १५ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सरावात खोलीतल्या मैत्रिणीचा कप फुटला. तिचीही माफी मागून झाली. वेल्डरकाकांकडे गेले, तर ते म्हणाले की चाचणीला खालून इशारे मीच करीन. त्यांचा उजवा हात अजून वर जात नाही, म्हणून सगळे इशारे डाव्याने केले.

काल चाचणीला वारा होता. पाण्याची भरलेली टाकी उचलली, ती अर्ध्यावर डोलू लागली. गाडी मागे ओढायला हात नुसता शिवशिवत होता. नाही ओढली. टाकी गेली त्याच बाजूला गाडी नेली, टोकाला तिला गाठलं, आणि ती गप्प उभी राहिली, जणू काही झालंच नव्हतं! मग हळूच काकांच्या पुढ्यात टेकवली. ते जागचे हलले नव्हते.

बदलीचा अर्ज साहेबांनी मलाच परत दिला.

येत्या बुधवारी आईला घेऊन या. केबिनमधून बसथांबा स्पष्ट दिसतो. तुम्ही दोघं उतरलात की सगळ्यांत आधी मला कळेल.

लोभ आहेच, तो भेटीत वाढवा.

आपली,
भिंगरी