आजपासनं तुला मुतखडा हाय

आबा,

मला कधीच मुतखडा नव्हता, हे मी गेल्या महिन्यात आपल्या गावच्या देवळाच्या सभामंडपात माईक हातात धरून सांगितलं. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका समोर बसल्या होत्या आणि पुरुषमाणसं पायरीवर उगीच थांबल्यासारखं दाखवत थांबली होती. कॉलेजात असताना मला जे झालं तो मनाचा आजार होता, त्याच्या गोळ्या मी आजही घेते, आणि त्या घेऊनच उंब्रजच्या शाळेत इतकी वर्षं पोरांना गणित शिकवते, असं मी स्पष्ट सांगितलं. बोलताना एकदा पायरीकडं बघितलं. तुम्ही असता तर माईकची वायरच उपटली असती. नव्हता, म्हणून बोलले असं मात्र समजू नका. असता तरी बोलले असते, फक्त आवाज चढवावा लागला असता.

तुम्हाला ती एसटी आठवते का? आपण मिरजेहून परत निघालोय. खिडकीशी मी, शेजारी तुम्ही, मांडीवर औषधांची पिशवी, आणि पिशवीवर तुमचा पंजा असा दाबलेला की कुणाला आतलं काही दिसू नये. त्याआधीचे कित्येक दिवस मी वेणी घातलेली नाही, ताटावर बसले तरी घास घेतलेला नाही, कॉलेजला म्हणून निघायचे आणि पलूसच्या स्टँडवर बसून परत यायचे. डॉक्टर भले होते. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी तुम्हाला विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास होता का?" तुम्ही टोपी हातात घेऊन ताठ बसला होता. "न्हाई," म्हणालात. "आमच्यात कुणालाच न्हाई." परेडवर उत्तर द्यावं तसं. मी तुमच्याकडं बघितलं आणि तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग गाडी कुंडलच्या जवळ आल्यावर तुम्ही खाली वाकून, ओठ न हलवता म्हणालात, "आजपासनं तुला मुतखडा हाय. कुणी इचारलं तर उजव्या कुशीत कळ येतीया म्हणायचं. आईला बी त्येच सांगायचं. समजलं?" सुभेदाराचा हुकूम. मी मान हलवली.

तुम्ही आजार चांगला निवडला होता, पण आपलं गाव विसरला होता. आपल्याकडं कुणाला ताप आला तर लोक बघून जातात, आणि कुणाला मुतखडा झाला तर प्रत्येक घर वैद्य होतं. दुसऱ्या दिवसापासून दारात रीघ लागली. कुणी कुळथाचं कढण घेऊन आलं, कुणी पानफुटीची पानं, कुणी केळीच्या खुंटाचा रस. "आवं सुभेदार, कापाकापीच्या नादाला लागू नगा. कुळीथ पाजा पोरीला, खडा इरघळून जातोय," असं पाणंदीत गाठून सांगायचे. तुम्हाला मान डोलवावी लागायची आणि मला ते सगळं प्यावं लागायचं. नसलेल्या खड्यासाठी मी जेवढा कुळीथ खाल्ला तेवढा आपल्या बैलांनीसुद्धा खाल्ला नसेल. बरं, गोळ्या लागू पडल्या, मी हसायला-बोलायला लागले, तर त्याचं श्रेयही कुळथालाच. माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं रुखवतात लाडू-करंज्यांच्या शेजारी कुळथाची पिशवी ठेवली. पुढं सासूबाईंनीही इमानेइतबारे पिठलं रांधलं. नवऱ्याला मात्र मी पहिल्याच महिन्यात खरं सांगितलं. तो म्हणाला, "गोळ्या संपत आल्या की सांगत जा, कराडला माझी चक्कर असतीच." एवढंच. ज्या गोष्टीसाठी तुम्ही रात्रंदिवस झुरलात ती एवढीशी होती, आबा.

तुम्ही मला देवऋष्याकडं नेलं नाहीत, दवाखान्यात नेलंत. आई "नाटकं करतीया" म्हणाली तेव्हा तुम्हीच तिला गप्प केलंत. त्याचे उपकार मी विसरणार नाही. माझा राग आहे तो वेगळाच. आपल्या शेजारची सून तुम्हाला आठवत असेल. तिलाही तेच होत होतं. पोर झाल्यावर ती भिंतीकडं तोंड करून पडून राहायची, पोराला जवळ घ्यायची नाही. तिला बाहेरचं लागलंय म्हणून सासरचे अमावास्येला लिंबू उतरायचे, कडुलिंबाच्या डहाळीनं झोडायचे. तिचं ओरडणं आपल्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तुम्ही जेवता जेवता थांबायचात आणि मी ताटाकडं बघायचे. दोन घरांत एकच भिंत. भिंतीपलीकडं ती मार खातेय आणि अलीकडं माळ्यावरच्या हळदीच्या रिकाम्या डब्यात माझ्या गोळ्या. एकदा नळावर तिनं मलाच विचारलं, "तुजा खडा पडला का गं?" मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही ओसरीवरून खाकरलात. पुढं तिला माहेरी धाडली आणि पोर सासरीच ठेवून घेतलं. तुमची इज्जत राहिली आणि तिचं घर गेलं. हे मी तुमच्यासमोर कधी बोलले नाही, आज बोलतेय. रागवायचं तर रागवा.

म्हणून मी आता बोलते. आधी शाळेत पालकांसमोर बोलले, मग आमच्या उंब्रजच्या बचतगटात. जिथं बोलवतील तिथं जाते. आपल्या गावच्या आशा सेविकेनं हळदीकुंकवाला बोलावलं तेव्हा भाऊ उंब्रजला आला. चहाला हात लावला नाही. "ताई, तू तुजं सांगून मोकळी हुशील आन् गाडीत बसून जाशील. हितं आमाला ऱ्हायाचंय," म्हणाला. "पोरीचं बघायचं चाललंय. पावणं स्टँडवरच्या पानटपरीपासनं चौकशी करत येत्यात." मी म्हटलं, "मग त्यांना टपरीवर कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळू दे." तो चिडून उठला. उंबऱ्यात तो अगदी तुमच्यासारखा खाकरला. मला त्याची दया आली आणि तरी मी गेले.

बोलणं झालं. बायका पदराशी खेळत होत्या. मग मागच्या रांगेतून एक बाई उठली. मी तिला ओळखत नव्हते, नंतर कळलं की तिचा नवरा अलीकडंच मिलिटरीतून पेन्शनीवर आलाय. ती म्हणाली, "बाई, एक इचारू का? बाप्या माणसाला हुतंय का ह्ये? मंजी तुमच्या घरात कुणा बाप्याला हुतं का?" पायरीवर कुणीतरी हसलं. आणि आबा, माझ्या तोंडून शब्द निघाला, "न्हाई." ताठ मानेनं, तुमच्याच आवाजात. त्या बाईनं "बरं" म्हणून पदर सावरला आणि खाली बसायला लागली. तिचा चेहरा मी बघितला. शेजारची सून नळावरून कळशी उचलून गेली होती ना, तेव्हा तिचा होता तसाच.

"थांबा, बसू नका," मी म्हटलं. "खोटं बोलले मी. व्हय, हुतंय बाप्या माणसाला. माझ्या आबांना हुतं." आणि मग सांगितलं सगळं. तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आल्यावर मळ्यातल्या मोटरीच्या खोलीत जाऊन बसायचात. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "उसाला पाणी पाजायला गेल्यात." लाईट नसायची, बाहेर धो धो पाऊस असायचा, तरी तुम्ही आपले पाणी पाजायला गेलेले. मी भाकरी घेऊन यायचे तेव्हा तुम्ही पोत्यावर बसलेले असायचात, हात गुडघ्यांवर, डोळे उघडे आणि कशावरच नाहीत. आदल्या दिवशीची भाकरी फडक्यात तशीच. पुढं मी वेणी घालायची सोडली तेव्हा घरात फक्त तुम्हालाच कळलं होतं की हे काय आहे. कळणारच. तुम्ही मला डॉक्टरांसमोर बसवलंत आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसून राहिलात. ती खुर्ची थोडी पुढं सरकवली असतीत तर दोघांची औषधं एकाच पिशवीत आली असती.

पायरीवरून तुमच्या वयाचे एक आजोबा ओरडले, "काय बोलतीस पोरी! सुभेदार? वाघावाणी माणूस त्यो!" मी म्हटलं, "व्हय, वाघच हुता. वाघाला आजार हुत न्हाई असं कुणी सांगितलं तुमाला?" ते टोपी सारखी करत पायरी उतरून गेले. ती बाई मात्र उभीच होती. सगळे पांगल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "आमचं मालक गोठ्यात बसत्यात. म्हशी इकल्या तरी गोठ्यातच. मिरजंला कुठं जायाचं तेवढं सांगा." मी तिला गल्ली, रस्ता, पायऱ्या सगळं समजावून सांगितलं. परवा तिचा फोन आला होता. ती दोघं मिरजेला जाऊन आलीत.

तर असं झालं. कुणीतरी माझं बोलणं मोबाईलवर घेतलं आणि ते संध्याकाळपर्यंत भावकीच्या ग्रुपवर फिरलं. भाऊ अजून फोन उचलत नाही. आलेल्या पावण्यांनी "बघू पुढं" असं कळवलं. त्याच्या पोरीनं मला गुपचूप फोन करून सांगितलं, "आत्या, बरं झालं, पावणं कसं हायत ते आधीच कळलं." मळ्यात तुमच्या समाधीवर नावाची पाटी आहे, तिच्यावर कुणी थुंकलेलं नाही. मी बघून आले. तुमची गोष्ट सांगायला तुम्हाला विचारलं नव्हतं, हे खरं. विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता, आणि मी सांगितलीच असती. पुढच्या वेळी माझ्याआधी तुमचंच सांगणार आहे.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच. घडी घालून हळदीच्या जुन्या डब्यात ठेवते. त्या डब्यात आता गोळ्या नसतात, त्या टेबलावर सगळ्यांच्या समोर असतात. फक्त एक गोष्ट अजून कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. गेल्या आठवड्यापासून उजव्या कुशीत कळ येत होती म्हणून काल सोनोग्राफी केली. मुतखडा निघालाय, आबा. आता सांगू तरी कुणाला? तेव्हा आज शाळेतून आल्यावर दार आतून लावून घेतलं आणि कुळीथ शिजायला टाकला.