खालची खोली दिराला

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. मी, दमियाना बिशाय, वय ७४, कै. फानूस घत्तास सुतार यांची पत्नी, राहणार मल्लवी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे.

१. माझ्या पश्चात घर मुलगा रमसीस याचे. रस्त्याकडची खालची खोली सोडून.

२. सोन्याच्या बांगड्या सुनेला. तिने त्या मोडल्या तरी माझा आत्मा तळमळणार नाही.

३. तांब्याचे मोठे पातेले शेजारीण हाज्जा सकीना हिला. आमच्या ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात ही मुसलमान बाई आपले मटण मागच्या अंगणात शिजवते, मला वास येऊ नये म्हणून.

४. खालची खोली धाकटा दीर वहबा याला, तो हयात असेपर्यंत. कायद्याने मला जेवढे देता येते त्यात ही खोली बसते, असे वकिलांनी सांगितले आहे.

रमसीस म्हणाला, "आई, ज्यानं बाबांना दुकानाबाहेर काढलं, त्याला तू घरात घेतेस?" म्हणून कारण लिहिते.

सासरे गेल्यावर वहबाने सुतारकामाच्या दुकानाला आपले कुलूप लावले. हे गच्चीवर काम करू लागले. मनात अढी ठेवून प्रभुभोजन घ्यायचे नाही, हा ह्यांचा नेम. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी जाऊन भावाचे दार ठोठावत. आतून वहबा स्वतःच ओरडे, "वहबा घरी नाही!"

हे म्हणत, "बरं. आला की सांगा, फानूस येऊन गेला."

वर्षानुवर्षे हेच. मी चिडायचे, "दगडाला पाझर फुटेल, त्याला नाही!" तर म्हणायचे, "अगं, ओ तर देतो ना!"

मग ह्यांनी अंथरूण धरले. पहिलाच शनिवार चुकला आणि दिवेलागणीला वहबा आमच्या दारात. "वहिनी, तो आज आला का नाही?"

मी तोंड उघडण्याआधीच खाटेवरून आवाज आला, "फानूस घरी नाही!"

वहबा हसला, आणि हसता हसता उंबऱ्यावर बसून पोरासारखा रडला. दुसऱ्या दिवशी भावाला पाठीवर घेऊन चर्चमध्ये गेला. दोघांनी शेजारी शेजारी प्रभुभोजन घेतले. ईस्टरच्या आधी हे गेले. शवपेटी वहबाने केली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

आता त्याला दिसत नाही. बायको नाही, मूल नाही, दुकानही राहिले नाही. माझ्या नवऱ्याचा भाऊ लोकांच्या ओसरीवर निजावा, हे मला चालणार नाही.

५. ह्यांची हत्यारे रमसीसला. तो औषधाच्या दुकानात बसतो, तरीही त्यालाच.

६. रमसीसने काकाला खोलीतून काढल्यास घर चर्चला जावे, असे या कलमात लिहिले होते. ते मी आज खोडले आहे.

मसुदा रमसीसने काल वाचला. आज सकाळी खालून खरखर ऐकू आली. जाऊन पाहते तो खालच्या खोलीचे दार बिजागरीतून काढून, आडवे टाकून, बापाचा रंधा चालवत होता. हात अगदीच वेडावाकडा.

"अरे, हे काय?"

मान वर न करता म्हणाला, "खालून घासतंय गं. काकांना जोर लावावा लागेल."

खाडाखोडीवर माझी सही आहे.

लिहून ठेवणार : दमियाना बिशाय
साक्षीदार : अबूना बिसादा, धर्मगुरू
साक्षीदार : तादरोस लबीब, वकील

मल्लवी, ११ मार्च २०१९