आक्काच्या केकच्या पुस्तकाविषयी

पेण,
श्रावण वद्य पंचमी

तीर्थस्वरूप सौ. आक्काच्या पायांशी धाकट्या जगनचा दंडवत. (दर वेळी हे रीत म्हणून लिहितो. या वेळी खरोखर चटईवर पालथा पडून, नाक टेकवून, मगच लिहायला बसलो आहे. विमलनं पाहिलं आणि पाठ धरली का म्हणून विचारलं.) इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. भावोजींची कंबर कशी आहे? तुझं ब्लडप्रेशर काय म्हणतं? आजची गोळी घेतलीस ना? नसशील तर आधी घे, खाली बस आणि मग पुढचं वाच. उभ्यानं वाचू नकोस.

तुझं कार्ड पोचलं. भावोजी कंपनीतून निवृत्त झाले आणि पहिली वस्तू म्हणून त्यांनी तुझ्यासाठी ओव्हन आणला, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या खालचं वाक्य वाचलं आणि ते पाणी तिथंच थिजलं. 'गणपती घेऊन येशील तेव्हा माझं केकचं पुस्तक न विसरता आण.' हे वाक्य मी अकरा वेळा वाचलं, पण प्रत्येक वेळी ते तसंच होतं.

आक्का, त्या पुस्तकाची किंमत मला माहीत नाही असं समजू नकोस. चोवीस वर्षं घरात ओव्हन नसताना तू ते वाचलंस. दुपारची भांडी झाली की पदराला हात पुसून बसायचीस, आणि तिसऱ्या पानावरच्या चॉकलेट केकचा फोटो बघताना तुझा चेहरा असा व्हायचा की तेवढ्यापुरती तुझी भीती वाटायची नाही. समासात पेन्सिलीनं लिहायचीस, 'लोणी कमी करू नये', 'हे खोटं वाटतं', 'ओव्हन आला की पहिला हाच.' अशा पुस्तकाचं काही बरंवाईट झालं तर माणसानं तोंड कुठं दाखवावं? तर त्या पुस्तकाचं बरंवाईट झालं आहे. आता कसं झालं ते सगळं क्रमानं सांगतो, कारण क्रमानं सांगितलं की माझा दोष थोडा कमी दिसतो.

मी हट्ट धरला म्हणून तू वाचायला दिलेल्या चार पुस्तकांपैकी तीन सुखरूप आहेत, हे आधी सांगतो. गुलाबाचं आहे, फुलझाडांचं आहे, स्वयंपाकाचं आहे. गुलाबाचं तर मी दोनदा संपवलं. (आमच्या विहिरीचं पाणी मचूळ असल्यानं दारात जास्वंदीखेरीज काही जगत नाही, पण छाटणी कधी करावी ते आता मला विचारावं.) केकच्या पुस्तकानं मात्र माझ्यावर तुझ्यासारखीच जादू केली. मी ते जेवताना वाचू लागलो. एके दिवशी विमलनं वालाचं बिरडं केलं होतं. मी पान अठरावरचा अननसाचा केक बघून 'व्वा!' म्हणालो. तिला वाटलं बिरड्याला म्हणालो. ती खुलली, तिनं आणखी दोन डाव वाढले, आणि वाढताना तिची नजर पुस्तकात गेली. त्यानंतर दोन दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. तेव्हा मी भीतीपोटी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि ते वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात ठेवून चोरून वाचू लागलो. हे लिहितानाच पुढचं तुझ्या लक्षात आलं असेल.

या वर्षी भावोजींच्या कंबरेमुळे विसर्जनाला हलकी, कागदाची मूर्ती हवी असं तूच कळवलं होतंस. नाथा मूर्तीवाला (आपल्या शाळेतल्या धोंडुबाईंचा मुलगा, तोच) एरवी शाडूच्याच मूर्ती करतो. तो म्हणाला, "मास्तर, कागदाची एकच करायची तर रद्दी तुमचीच आणा. मी लगदा करतो नि साच्यात घालतो." मी घरी आलो, गठ्ठा सुतळीनं बांधला, सायकलला लावला आणि नाथाच्या कारखान्यात स्वतःच्या हातानं नेऊन दिला. वर त्याला बजावलं की सगळा कागद वापर, काही शिल्लक ठेवू नकोस, आक्काचं काम आहे.

तुझं कार्ड आलं तेव्हा रद्दी देऊन आठ दिवस झाले होते. मी फडताळ, खाटेखाली, तांदळाचा डबा असं सगळं शोधलं. शेवटी विमल शांतपणे म्हणाली, "पेपरचं कव्हर घातलेलं ते ना?" (तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.) मी अनवाणी धावलो. नाथा साचा उघडतच होता. साच्यातून गणपती बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे अजून रंगवायचे होते, तरी पाहिलं.

आक्का, मला दोघांची भीती वाटते, एक तुझी आणि दुसरी त्यांची. कारण त्या पुस्तकात जवळजवळ पानोपानी अंडी आहेत. मी आठवून बेरीज केली, सगळ्या केकांची मिळून एकशे सदतीस होतात. शिवाय नाताळच्या केकात रम आहे. फुलझाडांचं पुस्तक गेलं असतं तर निदान जास्वंद आणि दूर्वा तरी पोटात गेल्या असत्या. नाथाला मी हे घाबरत घाबरत सांगितलं तर तो हसून म्हणाला, "भिजल्यावर कसली अंडी नि कसला केक, मास्तर? लगदा हाय तो. द्येवाला काय वाचायचं हाय व्हय त्यातलं?" माझं समाधान झालं नाही. मी आडवळणानं पूजा सांगणाऱ्या गुरुजींना विचारलं की समजा मूर्तीच्या कागदावर पूर्वी अंडं असा शब्द छापलेला असला तर? गुरुजींनी, रात्री झोप लागते ना, एवढंच विचारलं. लागत नाही.

एकदा तर मनात आलं की नागोठण्याला पाणी भरावं आणि तुमच्या रोह्याची गाडीच बंद पडावी. लगेच स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. मूर्ती घेऊन मी चतुर्थीच्या आदल्या दिवशी निघतो. कासू स्टेशन गेलं की मी बाकाखाली शिरून बसेन, तेव्हा भावोजींनी रोह्याला डब्यापाशी यावं, मूर्तीसाठी आणि माझ्यासाठीही.

चिरंजीवांना आशीर्वाद. भावोजींना साष्टांग नमस्कार.

तुझा (अजून असलो तर),
जगन

ता. क. हे पत्र भावोजींनी आधी वाचावं आणि तुला बेताबेतानं सांगावं.

ता. क. २. खरी विनंती ही, की मला दारातून परत पाठवू नकोस. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी ओव्हन पेटव. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून तिसऱ्या पानावरचा केक सांगतो. तो मला शब्दन् शब्द पाठ आहे. (लोणी आधी की साखर आधी, एवढंच जरा मागेपुढे होतं.) एक तुकडा विमलसाठी ठेव. आज तिनं स्वतःहून विचारलं की तो अननसाचा कसा असतो.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्याआधी नाथाकडे जाऊन आलो. मूर्ती आतून पोकळ असते आणि बळकटीला कागदाच्या पट्ट्या लावतात. त्यानं उलटी धरून दाखवली. पोटाच्या आतल्या बाजूला एका पट्टीवर तुझं अक्षर आहे, पेन्सिलीचं, म्हणून टिकलं. 'जगनला देऊ नये' एवढंच वाचता येतं. नाथानं विचारलं, "वरनं दुसरी पट्टी मारू का?" मी नको म्हटलं. त्या पुस्तकातलं तुझ्या हातचं तेवढंच उरलं आहे.