हौसा आळशी न्हाई

नागपूर, ४ जुलै १९६१

तीर्थरूप आबांना बहिरूचा दंडवत. मी हितं बरा हाय, जेवण धड मिळतं. आईचा गुडघा कसा हाय?

तुमचं पत्र वाचून टाळकं फिरलं. तुमची सून हौसा दूध उतू घालवती, हाकेला ओ देत न्हाई, कालवणात दोनदा मीठ टाकती, म्हणून ती आळशी? आळशी बाई मीठ दोनदा टाकती व्हय? आन् तिला देवऋष्याकडनं झोडपून घेणार?

मी काम करतो त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना इचारलं. ते म्हणाले, लई दुःखानं मेंदूतली रसायनं बिघडतात. हाक कानात शिरती, पण मनात पोचत न्हाई.

आपल्या तांबड्या गाईचं वासरू मेलं, तवा ती बी हाकेला येत न्हवती. तुमी कातड्यात पेंढा भरून तिच्यापुढं वासरू उभं केलंत. महिनाभर काठी उचलली न्हाई. हौसाचं नि माझं बाळ जाऊन दोनच महिनं झालं. तिला गाईइतकं तरी वागवा.

हे पत्र गुरुजींकडनं तिच्यासमोरच वाचून घ्या. तिनं ऐकलं न्हाई असं वाटलं, तर न रागावता पुन्हा वाचायला सांगा.

तुमचाच,
बहिरू