यादीतलं चौथं नाव

मॉरिल्स गॅप, न्यू हॅम्पशायर
९ मार्च

प्रिय कॉलेट,

तू आणि डीन बरे असाल. आम्हीही बरेच. थंडीत लॉइसचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ती जास्त.

झाडांना रस सुटलाय. रात्री गोठतं, दिवसा वितळतं, असं आठ दिवस चाललंय. सगळ्या मेपलखाली बादल्यांमध्ये टपटप, टपटप. मी सकाळपासून भट्टीपाशी रस आटवून पाक करत असतो. खोपटात वाफ इतकी दाटते की स्वतःचा हातही परका वाटतो. तो गोड वास डोक्यात चढतो आणि माणूस उभ्या उभ्या स्वप्नात जातो. परवा त्या वाफेत आई दिसली. एप्रनला हात पुसत म्हणाली, "जाळ कमी कर, लागेल." मी खरंच कमी केला.

इथे पुन्हा तो मोसम सुरू झालाय. निवडणूक अजून पावणेदोन वर्षं लांब, पण पक्षाची उमेदवारी आपल्याला मिळेल का हे चाचपायला एकेक जण येतोय. "मी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहणार" असं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणे पाक चाखायला आलेत! गेल्या आठवड्यात एक सिनेटर आला, कोऱ्या करकरीत बुटांत. भट्टीपुढे फोटो काढताना त्याची जीभ भाजली, तरी हसत राहिला. आपला दुकानदार हेझन म्हणाला, "हा चालेल. भाजल्यावरही दात दाखवतो."

हेझननं दुकानात सहा बरण्या मांडल्यात, पेपरात आलेल्या सहा नावांच्या. येणाऱ्यानं आवडत्या बरणीत घेवड्याचा एक दाणा टाकायचा. पेपरात तू चौथी आहेस, बरण्यांत पहिली. तो मला म्हणतो, "तुझी लॉइस मूठभर टाकते, आर्मंड. मी बघतो, पण बोलत नाही."

तुझं भाषण रेडिओवर ऐकलं. आपल्या वडिलांवरचं. पाच वर्षांची तू, नोव्हेंबरातला बर्फ, पापांनी तुला खांद्यावर घेऊन दोन मैल चालत टाउन हॉलपर्यंत नेलं, वर उचललं आणि तुझ्या हातानं मतपत्रिका लाकडी पेटीत टाकायला लावली. "लोकशाही म्हणजे काय ते मला त्या खांद्यांवर बसून कळलं," असं तू म्हणालीस, तेव्हा लॉइसनं डोळे पुसले. छान सांगतेस तू. मला राग वगैरे आला नाही.

आता मुद्द्याचं. सोमवारी एक वार्ताहर बाई आली, इनेझ डेल्गाडो. तरुण आहे, हुशार आहे, पाक चाखायला दिला तर नको म्हणाली. तिनं गावच्या जुन्या मतदार याद्या चाळल्या होत्या. त्या वर्षी ऑक्टोबरातच पापांचं नाव खोडलेलं आहे, 'गाव सोडून गेले' म्हणून.

कॉलेट, हे मी फार आधी सांगायला हवं होतं. पापा लाकूडतोडीच्या कामावर वारले नाहीत. सप्टेंबरात एका सकाळी ते हद्दीपलीकडे कॅनडात, क्वेबेकला गेले आणि परत आले नाहीत. ते वारले असं आईनं पुढे हिवाळ्यात तुला सांगितलं, आणि मला शपथ घातली.

मतदानाच्या दिवशी आई कारखान्यातून परस्पर टाउन हॉलला येणार होती; तू पेटीत टाकलीस ती मतपत्रिका तिचीच. तुला तिथवर मी आणलं. मी पंधरा वर्षांचा होतो. मला हिवाळी कोट नव्हता, म्हणून पापांचा लाल चौकडीचा घातला होता, त्यांची टोपीही. वर बसून तुला तेवढंच दिसत असणार. अर्धी वाट तू म्हणत होतीस, "पापा, जोरात. पापा, घोडा." मी एकदाही म्हटलं नाही की मी आर्मंड आहे. घोडा मात्र झालो.

डेल्गाडोबाईंनी विचारलं, "मग तिला कुणी नेलं होतं?" मी म्हटलं, "मी." एवढंच सांगितलं. रविवारी छापून येईल. तुला आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं.

सांभाळून राहा.

तुझा
आर्मंड

मॉरिल्स गॅप
२ एप्रिल

प्रिय कॉलेट,

रस संपला. कळ्या फुगल्या की पाकाला उग्र चव येते. मी भट्टी विझवली. आता खोपटात वाफ नाही, सगळं लख्ख दिसतं, आणि मला ते आवडत नाही.

तू उभी राहणार नाहीस, हे काल बातम्यांत ऐकलं. 'घरगुती कारणांमुळे', असं म्हणालीस. आवाज खणखणीत होता तुझा. हेझननं तुझी बरणी काढली नाही. मी म्हटलं, "उचल ती." तो म्हणाला, "दुकान माझं आहे."

तुझा एकदाच फोन आला, तेव्हा तू एवढंच विचारलंस, "मला ठाऊक नव्हतं, हे तिला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "ऐकू येत नाही, लाइन खराब आहे." लाइन चांगली होती.

सांगतो.

"मी" असं म्हटल्यावर डेल्गाडोबाईनं ते लिहून घेतलं. मग वही मिटता मिटता म्हणाली, "तुमच्या बहिणीला हे माहीत आहे?" रसाला उकळी फुटली होती. मध्ये नुसता पांढरा धूसरपणा, तिचा चेहराही दिसत नव्हता. 'नाही, तिला काही माहीत नाही, ती खरंच तसं समजते,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी झारा हलवत म्हटलं, "तिलाच विचारा."

तेच वाक्य त्यांनी मथळ्यात घातलं. त्यावरूनच रेडिओवर तुला खोटारडी म्हणाले. माहीत नव्हतं, असं तू नंतर ओरडून सांगितलंस, पण सख्खा भाऊच तसं बोलला म्हटल्यावर तुझं कोण ऐकणार?

राग आला नाही, असं मी लिहिलं होतं. आला होता. ती गोष्ट तू आजवर किती गावांत सांगितली असशील! दर वेळी लोक पापांसाठी टाळ्या वाजवायचे. लॉइस रडली तीही पापांसाठीच. माझे पाय त्या बर्फात भिजून बधिर झाले होते, आठवडाभर मला बूट घालता येत नव्हते, आणि टाळ्या त्या निघून गेलेल्या माणसाला. वाटलं, एकदा तरी कुणीतरी म्हणावं, हा आर्मंड होता. त्या पोरीनं विचारलं आणि मला ते गोड लागलं. तेवढ्या गोडीपायी मी तुला बुडवलं.

काल मी डेल्गाडोबाईंना फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "हे तेव्हाच का नाही सांगितलंत, मिस्टर तिबो?" मी म्हटलं, "तेव्हा सांगायचं नव्हतं म्हणून." शुक्रवारी आतल्या पानावर चार ओळी येतील म्हणे. त्यानं आता काही होणार नाही, हे मलाही कळतं.

एक गोष्ट मात्र खरी. तुझं भाषण ऐकल्यापासून मला स्वप्न पडतं. पापा त्या रस्त्यानं चाललेत, तू त्यांच्या खांद्यावर, आणि मी मागून रिकाम्या हातानं येतोय, पंधरा वर्षांचा, बिनकामाचा, सुखी. असे पापा आपल्याला हवे होते, कॉलेट. तू ते आपल्या दोघांसाठी तयार केलेस. मी ते मोडले.

माफ कर म्हणत नाही, तेवढा माझा हक्क राहिला नाही. एवढंच कळव. टाउन हॉल येईपर्यंत तू वर गप्प गप्प होत गेलीस. झोपली होतीस, की थंडी वाजत होती, की खाली मी आहे हे कळलं होतं? तेव्हापासून विचारायचं राहून गेलंय.

उत्तर आलं नाही तरी तुझाच,
आर्मंड