समुद्राकाठचे 'हे'

९ जून, सोमवार. गॅलवे, आयर्लंड

आजही सांगायचं राहिलं.

विमानात बसल्या बसल्या वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. दिपक, मी आता तुझ्या बाबांसोबत हिंगोलीच्या घरात राहणार नाही. शिरड शहापूरला आईकडे राहीन. भांडण नाही, काडीमोड नाही. फक्त मला आता कुणाच्या पुढ्यात ताट नेऊन ठेवायचं नाही. दवाखान्यातली नोकरी मे महिन्यात संपली, तशी ही दुसरीही संपू दे.

आणि सकाळी उठून बघते तर हे ओट्याशी उभे, बाह्या वर करून भांडी घासताहेत! लग्नापासून ज्या माणसानं चहाचा रिकामा कप कधी मोरीपर्यंत नेला नाही! आमची सून करुणा ड्युटीवर निघताना म्हणाली, "आई, बाबा किती गोड आहेत हो. माझ्या वडलांना तर गॅससुद्धा पेटवता येत नाही."

मी ह्यांनी केलेला चहा प्यायला. चांगला होता. म्हणूनच जास्त डोकं उठलं.

१० जून

संध्याकाळी फिरायला नेतात. समुद्राच्या कडेनं लांबलचक रस्ता आहे, शेवटी एक भिंत. लोक तिथपर्यंत चालत येतात, भिंतीला लाथ मारतात आणि मागे वळतात. का मारतात, ते कुणालाच धड सांगता येत नाही. ह्यांनी मारली आणि लहान पोरासारखे हसले. दिपकनं फोटो काढला. "आई, आता तू," म्हणाला.

मी मारली. सगळ्या जोरानं मारली. अंगठा अजून ठणकतोय.

१२ जून

ऊन, वारा, पाऊस, पुन्हा ऊन — हे सगळं एका सकाळीत. स्वेटर घाला, स्वेटर काढा. आराम करा आई, आराम करा आई. आरामाचा वैताग आलाय.

१४ जून, शनिवार

आज कहरच झाला. इथं समुद्रात एक पिवळा मनोरा आहे. त्यावरून म्हातारी म्हातारी माणसं धडाधड पाण्यात उड्या मारतात. पाणी असं, की पाय घातला तर हाड दुखावं. हे कपडे काढून सरळ उतरले! लहानपणी नरसीला कयाधू नदीत पोहायचे, ते अंग विसरलं नाही म्हणे.

हिंगोलीत गिझर असून ह्यांची बादली मी भरून ठेवते. जरा थंड लागलं की आतून ओरडा — "सरिता, हे पानी हाय का बर्फ?" आणि इथं बर्फाच्या समुद्रात पोहून ओठ निळे करून वर आले, दात वाजताहेत, तरी हसताहेत. मी टॉवेल घेऊन उभीच होते. सवय, दुसरं काय!

एका गोऱ्या आजीबाईंनी थर्मासमधून चहा ओतून ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो कप आधी मला दिला. "घे, तुला थंडी वाजून राहिली."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू? फार बरं वाटलं. आणि त्याचाच राग आला. एवढी वर्षं ही वस्तू घरातच होती, आणि मला कधी दाखवलीसुद्धा नाही.

१७ जून

आईचा फोन. तिला एकटीलाच माझा बेत माहीत आहे, आणि तिलाच तो पसंत नाही. ती एकटी, थकलेली, तिच्याकडे कुणीतरी हवंच — हे कारण लोकांना सांगायला बरं आहे. पण खरं कारण ते नाही, हे तिला कळतं.

"पोराला सांगितलं का?"

"न्हाई."

"बरं झालं माय. त्या मानसाला खायाला कोन घालीन? त्याला तं मडक्यातलं पानी बी घेता येत न्हाई."

हाच प्रश्न. पाच वर्षं मीही ह्याच प्रश्नापाशी येऊन थांबते. मी गेले तर हा माणूस उपाशी बसेल. शेजारीपाजारी डबे देतील, आणि माझ्या नावानं बोटं मोडतील.

म्हटलं, "आई, ते इथं मासे तळून राहिले. आत्ता. मला वास येऊन राहिला."

 ती म्हणाली, "काहून खोटं बोलतीस गं बाई? त्या जावयाचं वाईट चिंतू नको." फोन ठेवून दिला.

आता सख्खी आईसुद्धा विश्वास ठेवेना!

१९ जून

मोठमोठे कडे बघायला गेलो. खाली खोल समुद्र, वर हिरवंगार गवत, पांढरे पक्षी. डोळ्यांचं पारणं फिटावं असं सगळं. हे आणि दिपक पुढे गेले. मनाशी म्हटलं, करुणा नर्स आहे, मीही नर्स होते, घर आणि ड्युटी म्हणजे काय हे तिला सांगावं लागणार नाही. बोलले. सगळं नाही, पण बरंच बोलले.

ऐकून घेतलं तिनं. मग माझा हात धरून म्हणाली, "आई, रागावू नका. पण दिपक म्हणतो, आईनं बाबांना कधी काही करूच दिलं नाही."

अस्सं! म्हणजे गुन्हा माझाच.

मला टायफॉईड झाला तेव्हा दिपक आठवीत होता. हे खानावळीतून डबा आणायचे. तो डबा उघडून मीच वाढायचे, तापात, भिंतीला धरून. आणि हे म्हणायचे, पोळ्या गार हायेत. तेव्हा कुणी ह्यांचा हात धरून ठेवला होता? दिपकला त्या पोळ्या आठवत नाहीत. त्यानं मी गरम करून दिलेल्या खाल्ल्या ना!

कड्यावर काही बोलले नाही. वारा फार होता, ओरडावं लागलं असतं.

२० जून

ह्यांनी शेवभाजी केली. दिपकनं दोनदा घेतली. मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. मग भूक लागली, उठून खाल्ली.

२२ जून, रविवार

आज सरळ ह्यांनाच विचारलं. रस्त्याकडेच्या बाकावर दोघंच होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड.

"अहो, हे सगळं तुम्हाला येतं, तर घरी काहून नाही केलं कधी?"

  समुद्राकडे बघतच म्हणाले, "तिथं लोक हायेत."

"मग इथं कोण आहेत?"

"इथले लोक मला वळखत न्हाईत. तिथं उत्तमराव सकाळी पेपर मागाया येतो. त्यानं पाह्यलं तर? माझ्या बापानं कधी चुलीपाशी पाय ठेवला न्हाई, सरिता. हात पुढं व्हतच न्हाई तिथं."

काहीतरी सबब सांगितली असती तर भांडता आलं असतं. हे खरंच सांगत होते. आवाजात लाजसुद्धा नव्हती, नुसतं खरं होतं. त्यावर भांडायचं कसं?

मग हळूच म्हणाले, "गेल्यावर करीन. सांगून राहिलो ना."

मी विश्वास ठेवला. लिहूनच ठेवते, म्हणजे उद्या फिरता येणार नाही — विश्वास ठेवला. दिपकला काही सांगायचं नाही असं ठरवलं. ठरवल्यावर हलकं वाटलं. परत येताना ह्यांनी माझी पिशवी घेतली. समोरून लोक येत होते तरी घेतली. अर्थात, ओळखीचं त्यात कुणी नव्हतं.

२८ जून

उद्या निघायचं. चॉकलेटं, स्वेटर, आईसाठी मऊ सपाता. करुणा रडली. मीही रडले. सांगितलं नाही.

१ जुलै, हिंगोली

घरभर धूळ. दोघंही दमलेलो. खिचडी मीच टाकली. पहिला दिवस आहे, म्हटलं. एवढं कुठं लगेच मोजायचं?

३ जुलै, गुरुवार

संध्याकाळी उत्तमराव आले, सोबत गल्लीतले आणखी दोघं. "जयभीम प्रमोदराव, सांगा आता परदेशाचं!" हे रंगात आले. कडे सांगितले, थंडगार समुद्र सांगितला, भिंतीला मारलेली लाथ उठून करून दाखवली. भांडी नाहीत, मासे नाहीत, शेवभाजी नाही.

चहाची वेळ झाली. मी मुद्दाम उठले नाही, खुर्चीत बसून राहिले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं.

हे थोडा वेळ चुळबुळले आणि उठले. "आलोच," म्हणून आत गेले. गॅस पेटल्याचा आवाज आला. खरं लिहिते, मला भरून आलं. ह्या वयात, ह्या घरात, ह्या माणसांसमोर! माझं चुकलंच त्यांना ओळखण्यात, असं वाटलं. उत्तमराव मला काहीतरी विचारत होते, ते माझ्या कानातच शिरत नव्हतं.

मग स्वयंपाकघराचं दार आतून लोटल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं हाक आली. "सरिता, जरा इकडं ये." गेले. ट्रेमध्ये कप मांडलेले, चहा गाळून तयार, बशीत बिस्किटं. हे हळू आवाजात म्हणाले, "तू ने बाहीर."

ट्रे घेऊन मी बाहेर आले. माझ्या मागून हे, हात रुमालाला पुसत.

उत्तमरावांनी घोट घेतला. "वैनी, लई दिवसांनी तुमच्या हातचा चहा. मंग? तिकडं असा भेटत नसन."

हे म्हणाले, "व्हय, तिकडं कुठं."

मीही प्यायले. आलं बेताचं, साखर बराबर. माझ्यापेक्षा चांगला करतात.

५ जुलै, शनिवार. शिरड शहापूर

दिपकचा फोन आला. म्हटलं, आजीकडे आलेय, आता इथंच राहणार. तो गडबडला. "आई, पण बाबांच्या जेवणाचं काय?"

म्हटलं, "त्यांना सगळं येतं, बाळा. तू पाहिलंयस."